मोटारीचे छोटे दिवे : तंतूच्या बल्बपासून एलईडीपर्यंत
(नार्वे व डिचोली-पेडणे परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील नार्वे हे मांडवीच्या काठावरील गाव इतिहासाच्या अभ्यासकांना श्री सप्तकोटेश्वराच्या देवालयामुळे परिचित आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवालयाचा जीर्णोद्धार केला आणि अलीकडील जतनाच्या कामानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. देवालयापुढे दीपस्तंभ आहे. गावाच्या दुसऱ्या बाजूस नदीचा धक्का असून तेथून दिवाडी बेटाकडे फेरीबोट जाते. अंधार पडल्यावर या धक्क्याच्या उतारावर मोटारी आणि दुचाकी एकामागून एक उभ्या राहतात. पुढची गाडी थांबली, सुरू झाली की मागे येऊ लागली, हे मागच्या चालकाला तिच्या मागील छोट्या दिव्यांवरूनच कळते.

दीपस्तंभ आणि मोटारीचा मागील दिवा यांत एक साम्य आहे. दोन्ही दिवे लावणाऱ्याला पाहता यावे म्हणून नसतात, दुसऱ्याला कळावे म्हणून असतात. मोटारीच्या पुढच्या मोठ्या दिव्यांबद्दल बरेच बोलले जाते. साइड लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, नंबर प्लेटचा दिवा, आतला केबिनचा दिवा आणि डिकीचा दिवा यांचा इतिहास मात्र क्वचितच मांडला जातो. गेल्या काही वर्षांत हे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसवणे ही सर्रास चालणारी गोष्ट झाली आहे. हा बदल केव्हा सुधारणा ठरतो आणि केव्हा ठरत नाही, याचे उत्तर या दिव्यांच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेतला असून मोटार-दुरुस्ती, विद्युत आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांना वर्गात उपयोगी पडतील असे मुद्दे मांडले आहेत.

कंदिलापासून विजेच्या दिव्यापर्यंत

मोटार आली तेव्हा तिचे दिवे घोडागाडीचेच होते. बाजूला रॉकेलचे कंदील आणि पुढे कार्बाइडचे दिवे अशी रचना असे. कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि त्याची ज्योत परावर्तकापुढे जळे. ज्योत वाऱ्याने हलू नये म्हणून काचेचे जाड आवरण लागे आणि धूर बाहेर जावा म्हणून वर धुराडे लागे. म्हणजे दिव्याची पेटी ही त्या ज्योतीसाठी घडवलेली वस्तू होती.

१९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नातून विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकाच व्यवस्थेत आले. बॅटरी आणि डायनॅमो गाडीवरच असल्यामुळे दिव्याला दोरी, काडी किंवा पाणी लागेनासे झाले. येथून दिव्याच्या पेटीचे रूप बदलले. धुराडे गेले, परावर्तक लहान झाला आणि बल्बचा तंतू परावर्तकाच्या नेमक्या केंद्राशी येईल असे होल्डर बनू लागले. पुढे १९५० च्या दशकात बहुतेक उत्पादक ६ व्होल्टकडून १२ व्होल्टकडे वळले. तेव्हाही सर्व बल्ब, रिले आणि मोटारी नव्याने आखाव्या लागल्या.

दिशा दाखवण्याची पद्धतही टप्प्याटप्प्याने बदलली. प्रारंभी चालक हात बाहेर काढून वळण सुचवीत. नंतर युरोपातील अनेक गाड्यांच्या बाजूला रेल्वेच्या सिग्नलसारखी उघडणारी छोटी पट्टी आली व तिच्यात एक बल्ब असे. अमेरिकेत १९३९ च्या ब्यूइक मोटारीत उघडझाप करणारे इंडिकेटर कारखान्यातूनच बसवून मिळू लागले. उघडझाप होण्यासाठी फ्लॅशर नावाची छोटी डबी वापरली गेली. तिच्यातील द्विधातूची पट्टी बल्बच्या प्रवाहाने तापून वाके, मंडल तुटे, पट्टी थंड झाली की पुन्हा जोडले जाई. या डबीचे काम बल्ब किती प्रवाह घेतो यावर अवलंबून होते. एलईडीच्या संदर्भात हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

या सर्व टप्प्यांतून एक सूत्र दिसते. प्रकाशाचा उगम बदलला तेव्हा त्याची पेटी, मंडल आणि नियम हेही बदलले. केवळ उगम बदलून बाकी सर्व जुनेच ठेवले असे कारखान्यांनी सहसा केले नाही.

दिव्यांची भाषा आणि कायदा

रस्त्यावर एकमेकांना न ओळखणारे लोक परस्परांशी बोलतात ते दिव्यांच्या रंगांतून. मागे लाल, पुढे पांढरा, वळताना पिवळसर नारिंगी, हा संकेत सर्वांनी मान्य केला म्हणूनच तो उपयोगी आहे. अशा संकेताला राजकीय सीमाही मान द्यावा लागतो. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवण्याचा नियम स्वीकारला, परंतु गोव्यात डाव्या बाजूनेच वाहतूक चालू राहिली, कारण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात ती डावीकडून होती. राज्यकर्त्यांच्या देशापेक्षा शेजारच्या रस्त्याशी जुळणे अधिक गरजेचे ठरले.

हिंदुस्थानात मोटार वाहनांचा पहिला अखिल देशीय कायदा १९१४ चा आणि त्यानंतरचा १९३९ चा. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यानंतर भारतीय कायद्यांच्या कक्षेत आला. आज लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा असून केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. या नियमांत छोट्या दिव्यांची भाषा मोजमापात सांगितली आहे. मागील लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत. मागील नंबर प्लेटवर पांढरा प्रकाश पडून ती १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळवलेला असला पाहिजे. पुढच्या बाजूस लाल दिवा दाखवण्यावरही नियमांनी मर्यादा घातली आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नियम कमीत कमी किती दिसावे हे सांगतो, तसेच जास्तीत जास्त किती दिपवू नये हेही सांगतो. ‘जितका प्रखर तितका चांगला’ ही समजूत नियमाच्या मुळाशीच बसत नाही.

एलईडीचा शोध आणि मोटारीतील प्रवेश

१९०७ मध्ये हेन्री राउंड यांना सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून वीज जाताना मंद प्रकाश दिसला. १९२० च्या दशकात रशियातील ओलेग लोसेव्ह यांनी याचा सविस्तर अभ्यास केला. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा उपयुक्त एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत तयार केला. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एलईडी बनवला. निळ्या रंगासाठी मात्र आणखी दोन दशके वाट पाहावी लागली. जपानमधील इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या कामातून १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेजस्वी निळा एलईडी शक्य झाला व या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या रसायनाचा थर दिला की डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. बाजारातील बहुतेक ‘पांढरे’ एलईडी असे तयार होतात.

लाल एलईडी आधी आला म्हणून मोटारीत तो प्रथम मागच्या बाजूस गेला. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील टॅक्सींवर मागील काचेजवळ तिसरा ब्रेक लाइट लावून मागून होणाऱ्या धडकांचा अभ्यास करण्यात आला. परिणाम उत्साहवर्धक आल्याने अमेरिकेत १९८६ च्या नव्या मोटारींपासून असा उंचावरचा दिवा सक्तीचा झाला. प्रारंभीच्या प्रयोगात धडका निम्म्याहून अधिक घटल्या होत्या. पुढे दीर्घ मुदतीच्या सरकारी पाहणीत ही घट सुमारे ४ टक्क्यांवर स्थिरावली. नवीन दिवा लोकांच्या नजरेत भरतो, सवयीचा झाला की त्याचा प्रभाव ओसरतो, हा धडा एलईडीलाही लागू आहे. या लांबट, पातळ दिव्यासाठी एलईडी सोयीचे होते आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते तेथे वापरले जाऊ लागले. २००० च्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये संपूर्ण मागील दिवे एलईडीचे होते. पुढचे मुख्य दिवे एलईडीचे होण्यास २००७-०८ साल उजाडले.

ब्रेक लाइटसाठी एलईडीचा खरा फायदा वेगाचा आहे. तंतूला तापून पूर्ण उजळण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतो, एलईडी जवळजवळ तत्काळ पेटतो. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. त्या वेगाने येणाऱ्या मागच्या चालकाला ०.२ सेकंद आधी इशारा मिळाला तर ३ मीटर अंतर वाचते. अरुंद रस्त्यावर तीन मीटर ही क्षुल्लक गोष्ट नाही.

भारतात घरोघरी एलईडी पोहोचला तो जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर. घरात जुना बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी लावला की काम झाले, ही सवय लोकांना लागली. तीच अपेक्षा मोटारीबद्दलही निर्माण झाली. घराच्या दिव्याला मात्र परावर्तक, रंगीत काच व फ्लॅशर नसतो.

बल्ब बदलताना काय बदलते

मोटारीतील छोटे बल्ब मोजक्या प्रकारांचे असतात. काचेच्याच चपट्या बुडाचा ५ वॅटचा बल्ब साइड लाइट व नंबर प्लेटसाठी, दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला नळीसारखा बल्ब केबिनसाठी, धातूच्या बुडाचा २१ वॅटचा बल्ब इंडिकेटरसाठी आणि दोन तंतूंचा २१ व ५ वॅटचा बल्ब ब्रेक व टेल लाइटसाठी. या प्रत्येक जागी एलईडी बसतो, पण प्रत्येक जागी पाच गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. तंतू जवळजवळ सर्व बाजूंना प्रकाश टाकतो व परावर्तक तो गोळा करून मागे पाठवतो. एलईडीची चकती प्रामुख्याने समोर प्रकाश टाकते. परिणामी मधोमध एक झगझगीत ठिपका दिसतो आणि कडा अंधाऱ्या राहतात. थेट मागून दिवा तेजस्वी वाटतो, पण बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याला तो पुरेसा दिसत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा भाग ठळक आणि गडद लाल भाग कमी असतो. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर काच त्याचा बराचसा प्रकाश अडवते आणि दिवा फिका, गुलाबीसर दिसू शकतो. म्हणून लाल काचेमागे लाल आणि नारिंगी काचेमागे नारिंगी एलईडी हा साधा नियम विद्यार्थ्यांनी पाठ करावा.

तिसरी गोष्ट ब्रेक आणि टेल यांतील फरकाची. दोन तंतूंच्या बल्बमध्ये ५ वॅटचा तंतू सुमारे ३५ ल्यूमेन आणि २१ वॅटचा सुमारे ४४० ल्यूमेन प्रकाश देतो, म्हणजे जवळजवळ बारापट. हलक्या प्रतीच्या एलईडीत हा फरक पुष्कळ कमी असतो. मग टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला तरी मागच्याला बदल जाणवत नाही. दिवा पेटतो, परंतु इशारा पोहोचत नाही. या एका दोषाने वेगाचा फायदा वाया जातो.

चौथी गोष्ट मंडलाची. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर प्रवाह घेतो, ३ वॅटचा एलईडी केवळ ०.२५ अँपिअर. जुन्या द्विधातूच्या फ्लॅशरला एवढा कमी प्रवाह पट्टी तापवण्यास पुरत नाही व इंडिकेटर उघडझाप न करता स्थिर राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब गेला असे समजून दुप्पट वेगाने उघडझाप करतो. यावर काही जण ६ ओमचा रोधक जोडतात. तो १२ व्होल्टवर २४ वॅट उष्णता निर्माण करतो, म्हणजे वाचलेली वीज तेथेच खर्च होते आणि तापलेला रोधक वायरिंगला वा प्लॅस्टिकला लागला तर धोका वाढतो. एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर बसवणे हा अधिक योग्य मार्ग होय. याखेरीज एलईडीला धन-ऋण टोके असतात. बल्ब लावून पेटला नाही तर तो उलटा बसवून पाहावा, एवढी साधी गोष्टही अनेकदा माहीत नसते.

पाचवी गोष्ट उष्णतेची. तंतूचा बल्ब आपली बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. या उष्णतेने दिव्याच्या पेटीत शिरलेली ओल वाळण्यास मदत होते. एलईडी पुढच्या काचेला तापवत नाही, त्याची उष्णता बुडाशी साठते. पेटीचे रबर जुने असेल तर ओल तशीच राहते आणि बुडाशी असलेले इलेक्ट्रॉनिक भाग गंजतात.

डिचोली-पेडण्याच्या रस्त्यांवर

हा शेवटचा मुद्दा गोव्याला विशेष लागू आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. डिचोली हा लोहखनिजाचा तालुका. २०१२ च्या बंदीपूर्वी, तसेच २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबेपर्यंत येथील रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची मोठी वर्दळ होती. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खनिज उत्खनन पुन्हा सुरू झाले. लाल धुळीचा थर मागील काचेवर बसला तर आतला दिवा तंतूचा असो वा एलईडीचा, तो मंदच दिसणार. अशा वेळी नवा बल्ब घेण्यापेक्षा काच पुसणे, होल्डरमधील गंज काढणे आणि अर्थिंग तपासणे यांनी अधिक फरक पडतो.

पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे रात्री-अपरात्री टॅक्सी आणि खासगी मोटारींची ये-जा या भागातही वाढली. वळणाच्या, झाडीच्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना निळसर पांढरा झगझगाट अधिक त्रास देतो. पावसात ओल्या डांबरावरून आणि हेल्मेटच्या काचेवरील थेंबांतून तो आणखी पसरतो. दुचाकीस्वाराला समोरच्या मोटारीचा इंडिकेटर त्या झगझगाटात वेगळा दिसेनासा होतो. नार्वेच्या धक्क्यासारख्या उतारावर तर पुढच्या मोटारीचे दिवे मागच्या चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवरच येतात.

कायद्याची बाजूही विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे. वाहनाला नमुना-मान्यता मिळते ती त्याच्या दिव्यांसह. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधन घालते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. जर्मनीत २०२० मध्ये पुढच्या दिव्यासाठी बदली एलईडीला प्रथमच परवानगी मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक मोटारींपुरती. बल्ब एकटा मान्य होत नाही, बल्ब आणि त्याची पेटी मिळून मान्य होतात, हे तत्त्व त्यातून दिसते.

आतले दिवे आणि बाहेरचे दिवे

येथपर्यंतच्या विवेचनातून आतल्या आणि बाहेरच्या दिव्यांत भेद करणे भाग पडते. केबिन, डिकी आणि डॅशबोर्डजवळचे दिवे हे मालकाच्या स्वतःच्या सोयीचे आहेत. तेथे एलईडीचा लाभ निर्विवाद आहे. केबिनचा १० वॅटचा दिवा रात्रभर, म्हणजे १२ तास चालू राहिला तर तो सुमारे १० अँपिअर-तास वीज घेतो. लहान मोटारीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. १ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात १ अँपिअर-तास घेईल आणि सकाळी गाडी सुरू होईल. प्लॅस्टिकचे झाकण तापून पिवळे पडण्याची भीतीही राहत नाही.

बाहेरचे दिवे मात्र दुसऱ्याशी बोलतात. त्यांचा कस बाहेर उभे राहून लावावा लागतो. कारखान्यातून एलईडीसाठीच आखलेला मागील दिवा उत्तम काम करतो, कारण त्याची पेटी, रंग आणि मंडल एकत्र आखलेले असतात. जुन्या पेटीत बसवलेला सुटा एलईडी तेवढाच चांगला असेल असे गृहीत धरता येत नाही.

अध्यापनासाठी काही सूचना

या विषयावर प्रात्यक्षिक घेण्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. एक जुना टेल लॅम्प, १२ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर आणि मोजपट्टी पुरेशी आहे. विद्यार्थ्यांना तंतूचा आणि एलईडी बल्ब आळीपाळीने लावून प्रवाह मोजण्यास सांगावे. दोघांनी १५ मीटरवर उभे राहून नंबर प्लेट वाचावी. एकाने टेल लाइट चालू ठेवून ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने पाठ फिरवून अचानक वळून ब्रेक ओळखता येतो का ते सांगावे. तिरप्या कोनातून दिवा कसा दिसतो याची नोंद घ्यावी. काचेवर पाणी शिंपडून आणि माती लावून हेच पुन्हा करावे. ओमचा नियम, प्रकाशाचे परावर्तन, वर्णपट आणि कायदा असे चार विषय एकाच तासात जोडले जातात.

यात विद्यार्थ्यांच्या उपजीविकेचाही प्रश्न आहे. मोटारीच्या वायरिंगचे काम शिकून अनेक तरुण स्वतःचा व्यवसाय सुरू करतात. ग्राहक ‘सगळे एलईडी करून द्या’ असे म्हणत येतो. आतले दिवे बदलून देणे, बाहेरच्या दिव्यांची काच व होल्डर दुरुस्त करणे आणि जेथे बदल नियमात बसत नाही तेथे तसे कारणासह सांगणे, हे ज्याला जमते त्याच्यावर ग्राहकाचा विश्वास बसतो. हे सांगण्याचे ज्ञान आणि धैर्य वर्गातूनच मिळावे लागते.

समारोप

रॉकेल, ॲसिटिलीन, तंतू आणि एलईडी अशा चार अवस्थांतून मोटारीचा छोटा दिवा गेला. प्रत्येक वेळी नवा प्रकाश आला तेव्हा त्याला साजेशी पेटी, मंडल आणि नियम तयार झाल्यावरच तो रस्त्यावर रुळला. आजचा बाजार ही पायरी ओलांडून केवळ बल्ब विकतो. म्हणून दिवा बदलून झाल्यावर आणखी एक काम उरते. गाडीच्या मागे पंधरा पावले जाऊन, शक्यतो पावसाच्या संध्याकाळी, तो दिवा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या नजरेने पाहणे. तेथून तो स्पष्ट कळला आणि डोळ्यांत गेला नाही, तरच बदलाला सुधारणा म्हणावे.